इतरांना प्रवेश नाही

आपले हात स्वच्छ असतात. हे सत्य सर्व धर्मांना, सर्व पक्षांना आणि सर्व सरकारी खात्यांना सारखंच मान्य आहे. जगात जी काही घाण आणि रोगराई आढळते, ती इतरांच्या हातांची असते. या एका श्रद्धेवर मनुष्यजात हजारो वर्षं सुखाने नांदत आली आहे.

मैसूरमधल्या सरस्वतीपुरमच्या गोदावरीबाईही नांदत होत्या. मग त्यांना नात झाली.

नात दोन महिने आधी आली. (शहर बसने ये-जा करणाऱ्या या घराण्यात वेळेआधी पोचणारी ती पहिलीच.) वजन एक किलो तीनशे. एवढी तूरडाळ घेताना गोदावरीबाई दुकानदाराला हक्काने म्हणत, ‘अजून थोडी टाक रे.’ इथे कुणाला म्हणावं ते त्यांना कळेना.

सून सौम्या आणि नात ज्या सरकारी इस्पितळात होत्या, त्याचं नाव इथे देत नाही, कारण त्याच्या इमारतीला या कथेबाहेर पाया नाही. नवजात बालकांचा कक्ष मात्र नीट दाखवते. दार ढकललं की डाव्या हाताला बेसिन. वाचकांनी ते पाहून ठेवावं. कोपराने उघडायचा, खास डॉक्टरी नळ. त्याचा दांडा मोडल्यापासून तो हाताने उघडावा लागे. म्हणजे हात धुण्यासाठी आधी, ज्यांचे हात धुवायचे राहिले होते त्या सर्वांशी हस्तांदोलन करावं लागे. नळाला पाणी सकाळी येई. नंतर बादली आणि प्लास्टिकचा मग. शेजारी हाताला चोळायच्या औषधाची बाटली. ती चोरीला जाते म्हणून तिला गाईसारखी साखळीने खिडकीला बांधली होती. साखळी इतकी आखूड, की एका हाताने बाटली दाबताना दुसऱ्या हाताने साखळी ओढून धरावी लागे. औषध पडे ते जमिनीवर. त्यामुळे कक्षातली तेवढी एक फरशी संपूर्ण जंतुमुक्त होती.

हात धुतल्याचा पुरावा म्हणून एक वही होती आणि वहीला दोरीने बांधलेलं पेन. हात धुऊन झाले की त्या पेनाने सही करायची. ते पेन आजवर झाडून सगळ्यांच्या बोटांतून गेलेलं होतं, कारण सही केल्याशिवाय स्वच्छ हातांना बाळाकडे जाऊ देत नसत.

कक्षात पाळणे बारा होते आणि बाळं एकोणीस. म्हणून काही वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या त्या दिव्याखालच्या खाटल्यावर, दोन-दोन बाळं ठेवत. गोदावरीबाईंच्या नातीचा शेजारी एच. डी. कोटे या गावाहून आला होता: चंदना नावाच्या विशीतल्या पोरीचा मुलगा. त्याला नावाला साजेसं वजन नव्हतं, कारण नावच नव्हतं. पण जावळ भरपूर होतं. ‘केसांचंच वजन आहे, अज्जी,’ चंदना म्हणायची आणि तोंडावर पदर धरून हसायची.

या एकोणीस जणांवर एका पाळीला एक सिस्टर. तिचं नाव कमलाक्षी. प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी आणि लावल्यावर हात धुवायचे असा नियम आहे. समितीने एकदा त्याचा हिशेब मांडला. हिशेबाप्रमाणे कमलाक्षीने सारी पाळी फक्त हात धुवावेत आणि उरलेल्या वेळात, जो वेळ उरत नव्हता, बाळं पाहावीत असं निघालं. समितीने हिशेब फाईलला लावला आणि कमलाक्षीला ‘अधिक मन लावून’ धुण्याची सूचना केली. तिच्या बोटांना साबणाने भेगा पडल्या होत्या. ती घरी जाताना खोबरेल लावायची.

समिती म्हणजे संसर्ग प्रतिबंधक समिती. अध्यक्ष इस्पितळाचे प्रमुख, डॉ. वेंकटरमण. हे गृहस्थ मनाने चांगले होते. ही गोष्ट त्यांच्याविषयी सगळेच आवर्जून सांगत, त्यावरून बाकीचं समजून घ्यावं. कक्षात बाळं वरचेवर आजारी पडू लागली तेव्हा त्यांनी शास्त्रीय पाहणी केली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले.

‘बाळाला शिवण्याआधी तुम्ही हात धुता का?’ शंभर टक्के लोकांनी सांगितलं, धुतो.

‘इतर धुतात का?’ शंभर टक्के लोकांनी सांगितलं, छे.

निष्कर्ष उघड होता. संसर्ग इतरांमुळे होत होता. समितीने त्याच आठवड्यात दारावर कन्नड आणि इंग्रजीत, आणि मैसूरच्या परंपरेला जागून चंदनी रंगात, पाटी लावली: इतरांना प्रवेश नाही.

पाटीचा परिणाम तात्काळ दिसला. त्या दिवसापासून कक्षात एकही इतर आला नाही. चंदनाच्या गावाहून सकाळच्या बसने चौदा माणसं आली. ती घरचीच होती. पलीकडच्या बाळाची आत्या आली; ती तर आत्या. औषधकंपनीचा माणूस आला, तो नेहमीचा. सफाईवाल्याने पाटी वाचली आणि आदराने फडका फिरवून तिला पुसलं. तोच फडका मग वॉर्मरच्या कडांना.

आलेला माणूस आपल्या बाळाचा गालगुच्चा घेऊन थांबत नाही. शेजारच्या पाळण्यातलंही बाळच, त्याला का उपाशी ठेवा, म्हणून त्याच्याही गालाला बोट लावतो. ही आपल्या लोकांची माया आहे. गोदावरीबाईंनीही चंदनाच्या मुलाच्या जावळातून बोट फिरवलं होतं. त्या नुकत्याच बसमधून उतरून, दांडा सोडून, पदराला हात पुसून आल्या होत्या. त्यांचे हात स्वच्छच होते.

चारेक दिवसांनी तो मुलगा दूध ओढेना. अंग गार पडलं. कमलाक्षीने धावपळ केली, डॉक्टर आले, सुई लागली, दुसरी लागली. सकाळी गोदावरीबाई डबा घेऊन आल्या तेव्हा वॉर्मरवर नात एकटीच होती आणि तिला ऐसपैस जागा झाली होती.

चंदना भिंतीशी बसून एक लहानसं फडकं घडी घालत होती. घडी घालून झाली की उलगडायची, परत घालायची. उठताना म्हणाली, ‘अज्जी, तुमचीला सांभाळा.’ यावेळी तिने तोंडावर पदर धरला नाही.

समितीची बैठक बसली. सखोल चौकशीअंती मृत्यूच्या कारणापुढे ‘इतर’ असं लिहिण्यात आलं. पाटी असूनही ते आत शिरल्याबद्दल बैठकीने खेद व्यक्त केला. त्या दिवशी बैठकीत चहा झाला नाही.

गोदावरीबाई बेसिनपाशी गेल्या. कमलाक्षी नळ बंद करत होती. नळाच्या चावीला कागद गुंडाळून.

‘सिस्टर, कसे धुवायचे ते मला एकदा दाखव बाई.’

‘रोज दाखवते ना, अज्जी.’

‘रोज पाहिलं नाही.’

त्या दिवसापासून सिस्टर सोडली तर गोदावरीबाई आणि सौम्या, दोघींखेरीज नातीला कुणी शिवलं नाही. सौम्या तिला छातीशी, कातडीला कातडी लावून, तासन् तास धरून बसायची. याला कांगारू पद्धत म्हणतात हे गोदावरीबाईंना कळलं तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं नाही. आपल्याकडे पोर अंगाशी धरायलाही बाहेरून कुणीतरी शिकवावं लागतं, हे त्या जाणून होत्या. पोर वाढू लागली. दिवसाला चिमूटभर. एक किलो चारशे. साडेचारशे.

आणि अशात निरोप आला, की शुक्रवारी भावजी येत आहेत.

भावजी म्हणजे फत्तेसिंगराव, गोदावरीबाईंचे थोरले दीर, वय ऐंशीच्या पुढे. या घराण्याचा मूळ पुरुष मैसूरच्या फौजेत घोडेस्वार होता. घोडा गेला, फौज गेली, नोकऱ्या हेब्बाळच्या कारखान्यांत आल्या. पण तलवार राहिली. नव्या बाळाला तिचा मध चाटवायची घराण्याची रीत. तलवारीच्या पात्यावर मध, पात्यावरून थोरल्याच्या बोटावर, बोटावरून बाळाच्या जिभेवर. त्याने पोर शूर होतं. रीत निर्धोक असल्याचा भक्कम पुरावाही होता: घराण्यातल्या सर्व हयात माणसांनी तो मध चाटला होता आणि ती सर्व हयात होती. (हयात नसलेल्यांशी संपर्क होऊ शकला नाही.)

गोदावरीबाई लग्न होऊन आल्यापासून भावजींशी दोनच वाक्यं बोलल्या होत्या: ‘पानं वाढली आहेत’ आणि ‘बरं’. नवऱ्याला, दामोदररावांना, सांगून पाहिलं. ते म्हणाले, ‘अण्णांना मी काय सांगू? तूच बघ काय ते, आँ?’ आणि इस्पितळाच्या औषधी वासाने आपल्याला मळमळतं म्हणून शुक्रवारी फाटकाबाहेर, शहाळ्याच्या गाडीपाशी थांबले. मुलगा गगन म्हणाला, ‘आई, सुम्मने, उगाच वाद कशाला? एक थेंब मध.’

एक थेंब. पोरीचं तोंडच तेवढं होतं.

शुक्रवारी फत्तेसिंगराव आले. मागे गगन, त्याच्या हातात छत्रीच्या खोळीत तलवार. फाटकावरच्या रखवालदाराने गोदावरीबाईंचा डबा उघडून रसम काढून घेतलं, कारण बाहेरचं अन्न आत नेण्यास मनाई आहे. तलवारीबद्दल नियम नव्हता. त्याच वेळी सौम्याचे वडील, व्याही गंगाधरराव, हेही आले. त्यांना मधाचं कळलं होतं आणि आपल्या पाठीमागे काही मान उरकला जाऊ नये यासाठी ते दक्ष होते.

कमलाक्षीने गोदावरीबाईंना कोपऱ्यात ओढलं. ‘अज्जी, तुम्हीच सांगा. मी हात धुवा म्हटलं की माझ्या नावाने अर्ज जातो.’

हे खरं होतं. थोर माणसाला ‘हात धुवा’ म्हणणं म्हणजे ‘तुमचे हात घाणेरडे आहेत’ म्हणणं. आणि फत्तेसिंगरावांना तसं म्हटलेल्या मागच्या माणसाची बदली झाली होती. (तो पोस्टात होता. तरी झाली.)

फत्तेसिंगरावांनी पाटी वाचली, समाधानाने मान डोलावली, आणि दार ढकलून आत पाऊल टाकलं.

गोदावरीबाईंनी डोक्यावरून पदर घेतला. खांद्यावर बारशासाठी घेतलेला कोरा टॉवेल टाकला, एका हातात मग घेतला, दुसऱ्या हातात साबण, आणि बेसिनपाशी वाट अडवून, पण वाकून, उभ्या राहिल्या.

‘भावजी, पहिला मान तुमचा.’

फत्तेसिंगराव थबकले. तिसरं वाक्य त्यांच्या ओळखीचं नव्हतं. ‘कसला मान?’

‘हातावरच्या पाण्याचा. पंगतीत थोरल्यांच्या हातावर आधी पाणी घालतात ना? घरची लेक पहिल्यांदा बघायची, ती अशी कोरडी कशी?’

फत्तेसिंगरावांनी विचार केला. आयुष्यात त्यांनी पुष्कळ गोष्टी नाकारल्या होत्या. मान कधीच नाही. ‘असं होय! मग आधी नाही का सांगायचं? घाल पाणी.’

पाणी पडलं. साबण फिरला. ते हात झटकून निघणार, तोच मागून गंगाधररावांनी घसा साफ केला.

‘एवढ्यात झालं? लग्नात आमच्याकडे व्याह्यांचे हात याहून बरे धुतले होते हो.’

‘म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?’

‘काही नाही. ज्याची त्याची रीत. मला आपलं नीट लागतं.’

‘अय्यो, आमच्या रीतीला नीटपणा तुम्ही शिकवणार? गोदावरी, पुन्हा घाल पाणी!’

‘भावजी, अंगठा राहिला,’ गोदावरीबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. ‘अंगठ्याचा मान मोठा.’

अंगठे झाले. मग बोटांच्या बेचक्या. मग नखं. कमलाक्षी पाठीमागून खुणेने दाखवत होती आणि गोदावरीबाई तिचा एकेक हावभाव रिवाजात बसवत होत्या. अंगठी आड आली. ‘अंगठीखाली पाणी पोचलं नाही तर मान अर्धाच,’ असं कळल्यावर फत्तेसिंगरावांनी लग्नानंतर पहिल्यांदा ती काढली. खाली बोट पांढरंफटक आणि लहान मुलासारखं मऊ निघालं. मग गंगाधररावांची पाळी. त्यांनी कोपरापर्यंत धुतले. हे कळताच फत्तेसिंगराव परत रांगेत आले आणि त्यांनी बाह्या दंडापर्यंत सारल्या. त्या बेसिनला इतका साबण बसवल्यापासून लागला नव्हता. बादली संपली.

‘हं. आण रे गगन, तलवार.’

‘आता कशाला शिवू नका, भावजी. सोवळं मोडेल. तलवारीला हात लावलात तर मान पहिल्यापासून घ्यावा लागेल, आणि पाणी उद्या सकाळी येतं.’

फत्तेसिंगरावांनी तलवारीकडे पाहिलं. तिच्यावर गंज होता, मागच्या बाळाचा थोडा मधही असावा. मग त्यांनी गंगाधररावांकडे पाहिलं. गंगाधररावांच्या सोवळ्याला काही झालेलं नव्हतं. हा माणूस आपल्याहून शुद्ध राहून घरी जाणार, हे फत्तेसिंगरावांना परवडणारं नव्हतं.

तेव्हा दोघेही म्हातारे ओले हात खांद्यापर्यंत वर धरून वॉर्मरपाशी जाऊन उभे राहिले. घोडेस्वारांच्या या घराण्यात शरण आल्यासारखं उभं राहायची वेळ यापूर्वी आली नव्हती. (निदान तसं सांगितलं जात नाही.)

पोर सौम्याच्या छातीवर होती. तिने जांभई दिली. सगळ्या तोंडाची मिळून ती जांभई भुईमुगाच्या दाण्याएवढी होती.

फत्तेसिंगरावांनी वर धरलेले हात आणखी मागे घेतले. मग म्हणाले, ‘हिला काय शिवायचं, गोदावरी. शिवलं तर मोडेल.’

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. मैसूर शहरातले सर्वांत स्वच्छ चार हात कशालाही न शिवता बाहेर पडले. मध गगनने पावाला लावून खाल्ला.

हे सगळं डॉ. वेंकटरमण दारातून पाहत होते. मनाने चांगले असल्यामुळे त्यांचे डोळे भरून आले आणि अध्यक्ष असल्यामुळे त्यांना योजना सुचली. कमलाक्षीने दुसऱ्या सिस्टरची, नळाच्या दांड्याची आणि दुपारच्या पाण्याची मागणी केली होती. ती विचाराधीन ठेवून समितीने ‘हस्तप्रक्षालन सन्मान योजना’ एकमताने मंजूर केली. योजनेनुसार, हात धुणाऱ्या प्रत्येकाचा पुढील क्रमाने सत्कार व्हावा: मैसूर पेटा (म्हणजे फेटा), शाल, चंदनाचा हार (गर्दी असल्यास मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा), अध्यक्षांशी हस्तांदोलन, उपाध्यक्षांशी हस्तांदोलन, छायाचित्र, दोरीच्या पेनाने सही, आणि त्यानंतर बालकाला स्पर्श. पेटा एकच होता. तो डोक्यावरून डोक्यावर जाई आणि प्रत्येक जण तो दोन्ही हातांनी नीट बसवून घेई.

योजना कमालीची यशस्वी झाली. धुतलेल्या हातांचं प्रमाण शंभर टक्क्यांवर गेलं. बाळांचे आकडे योजनेत धरलेले नव्हते.

योजनेच्या उद्घाटनाला पहिल्या सत्कारमूर्ती म्हणून गोदावरीबाईंचं नाव होतं. नात त्याच दिवशी घरी जायची होती: एक किलो नऊशे. गोदावरीबाई पोरीला पोटाशी धरून दाराकडे निघाल्या होत्या. त्यांना तशाच व्यासपीठावर चढवलं. टाळ्या झाल्या. डॉ. वेंकटरमणांनी आधी शेजारच्या पाहुण्याशी हस्तांदोलन केलं, रुमालाने नाक पुसलं, पेटा उचलला, आणि वाटेत, मनाने चांगलेच ते, दुपट्यातून दिसणाऱ्या गालाकडे बोट नेलं.

गोदावरीबाई एक पाऊल मागे सरल्या. ‘साहेब, हात धुतलेत?’

माइक सुरू होता. सभागृहात टाचणी पडली असती तर तिचाही सत्कार झाला असता, इतकी शांतता पसरली.

‘अम्मा,’ डॉक्टर म्हणाले, आणि ते खरोखर दुखावले होते, ‘मी या समितीचा अध्यक्ष आहे.’

‘हो. पण धुतलेत का?’

उत्तराची वाट न पाहता त्या उतरल्या. इतिवृत्तात नोंद आहे: सत्कारमूर्ती इतर कारणास्तव सत्कार न स्वीकारता निघून गेल्या. कमलाक्षी दारापर्यंत सोडायला आली. पोरीला हात न लावता, लांबूनच, तिने भेगाळलेली बोटं आपल्या कानशिलावर मोडून दृष्ट काढली.

आता सरस्वतीपुरमच्या घरात, दार उघडल्यावर डाव्या हाताला, बादली आहे, मग आहे, साबण आहे, आणि गोदावरीबाई आहेत. वर दामोदररावांनी रंगवून घेतलेली पाटी आहे; इस्पितळातल्यासारखीच, फक्त मराठीतही. बघायला पुष्कळ लोक येतात. त्यातल्या दोन कुटुंबांनी मान न घेताच संबंध तोडले. पोरीचं वजन अडीच किलोच्या वर गेलं आहे. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध समितीने अजून तपासलेला नाही.

राहता राहिलात तुम्ही. पहिल्यापासून बरोबर आहात. कक्षाचं दार ढकलून आत आलात. बेसिन दाखवलं, तेव्हा हसलात आणि तसेच पुढे निघालात. चंदनाच्या मुलाचं जावळ वाकून पाहिलंत. या घराचा उंबरठाही ओलांडलात, आणि आता पाळण्यापाशी उभे आहात. हात पुढे केलाच आहे. पाटी तुम्ही वाचली होतीत. ती आपल्यासाठी नाही, हे तुम्हाला वाचताक्षणीच कळलं होतं.